घरातले कोळी : रूप आणि रीत

घरात दिसलेला कोळी ओळखताना सामान्यतः त्याच्या रंगावर भिस्त ठेवली जाते. परंतु रंग वय, लिंग आणि कात टाकण्याची अवस्था यांनुसार बदलत असल्याने तो दुय्यम पुरावा ठरतो, आणि कोळी कोठे राहतो, जाळे विणतो की नाही, चाहूल लागताच काय करतो, या गोष्टी त्याच्या कुळापर्यंत अधिक खात्रीने नेतात. आठ पाय आणि शरीराचे दोन भाग, म्हणजे डोके व छाती मिळून झालेले शिरोवक्ष आणि मागचे उदर, ही त्याची पहिली खूण होय. कीटकाला पाय सहा आणि शरीराचे भाग तीन असतात.

दिवाळीच्या साफसफाईत छताच्या कोपऱ्यांतून निघणारी जळमटे पुष्कळदा फोल्सिडी या कुळातील लांब पायांच्या कोळ्यांची असतात. त्यांपैकी क्रॉसोप्रायझा लायोनी ही जाती जॉन ब्लॅकवॉल यांनी १८६७ मध्ये भारतातील नमुन्यांवरून प्रथम वर्णिली. तिचे उदर मागच्या बाजूस वर टोकदार झालेले असते. हा कोळी विस्कळीत जाळ्यात उलटा लटकतो आणि जाळ्याला धक्का लागताच अंग इतक्या वेगाने गरगर हलवतो की त्याची आकृती धूसर होते. मादी अंड्यांचा पुंजका जबड्यांत धरून वावरते. अशा जाळ्यात लोंबणारे ‘मेलेले कोळी’ अनेकदा टाकलेल्या काती असतात.

भिंतीच्या रंगाचे पोपडे आणि चौकटीच्या फटी येथे राहणारा, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा ईकोबियस हा कोळी आकारामुळे दुर्लक्षित राहतो. पुण्यात भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्रात काम केलेले आणि भारतीय कोळ्यांवरील १९८७ च्या हस्तपुस्तिकेचे लेखक बी. के. टिकादर यांनी १९६२ मध्ये यातील ईकोबियस मराथाउस या जातीचे वर्णन केले. लहानशा खळग्यावर ताणलेल्या चपट्या जाळ्याखाली हा दबा धरून असतो. मुंगी जवळ आली की तो तिच्याभोवती भराभर गोल फिरतो आणि मागील टोकाकडून निघणाऱ्या रेशमाने तिला भिंतीलाच जखडून टाकतो. ही हालचाल एकदा पाहिली की दुसऱ्या कोणत्याही खुणेची गरज उरत नाही.

जाळ्याविना शिकार करणाऱ्यांत उडी मारणारे कोळी, म्हणजे साल्टिसिडी हे कूळ, सहज ओळखू येतात, कारण त्यांच्या आठ डोळ्यांपैकी समोरचे मधले दोन ठळकपणे मोठे असतात आणि माणूस जवळ गेला की ते वळून त्याच्याकडे पाहतात. उडीपूर्वी ते आधाराला रेशमाचा धागा चिकटवतात, आणि शरीरातील द्रवाचा दाब पायांत वाढवून उडी घेतात. प्लेक्सिपस पायकुली या जातीचा नर काळा असून त्यावर रुंद पांढरे पट्टे असतात, तर मादी तपकिरी असते. त्यामुळे केवळ रंग पाहणाऱ्याला एकच जाती दोन वाटते.

रात्री भिंतीवर दिसणारा, पाय पसरल्यावर तळहाताएवढा भासणारा हेटेरोपोडा व्हेनॅटोरिया सर्वाधिक भीती निर्माण करतो. त्याचे अंग चपटे, पाय खेकड्यासारखे दोन्ही बाजूंना वळलेले आणि डोळ्यांखाली फिकट पट्टा असतो; मादी अंड्यांची चकतीसारखी पिशवी पोटाखाली धरून नेते. झुरळे हे त्याचे नेहमीचे भक्ष्य आहे. याउलट स्कायटोडिस हा संथ चालीचा कोळी घुमटाकार शिरोवक्षामुळे आणि सहाच डोळ्यांमुळे वेगळा पडतो; तो भक्ष्यावर दुरूनच चिकट द्रव नागमोडी फवारून त्याला खिळवून ठेवतो.

या निरीक्षणाने कूळ आणि बहुधा प्रजाती ठरते. नेमकी जाती निश्चित करण्यासाठी मात्र प्रौढ नराच्या तोंडाजवळील पायांसारख्या अवयवांची फुगीर टोके आणि मादीचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात.

ओळख चुकल्याने कोळ्यांवर आळही येतो. कोळी अंगावरून गेल्याने फोड उठतात, असा समज रूढ आहे. परंतु पावसाळ्यात व त्यानंतर उठणारे असे रेघेसारखे, जळजळणारे चट्टे पुष्कळदा पेडेरस या नारिंगी-काळ्या भुंगेऱ्यामुळे येतात. दिव्याकडे आकर्षित झालेला हा कीटक त्वचेवर चिरडला गेला की त्याच्या शरीरद्रवातील पेडेरिन हे विष त्वचेला लागते आणि साधारणतः एक-दोन दिवसांत फोड दिसतात. फोड दिसेपर्यंत भुंगेरा नाहीसा झालेला असतो आणि भिंतीवरचा कोळी तेवढा नजरेस पडतो. दिव्याखाली सापडलेल्या प्राण्याचे पाय मोजण्याची सवय असेल, तर सहा पायांच्या या अपराध्याची शिक्षा आठ पायांच्या कोळ्याला भोगावी लागणार नाही.