निळं बटण: दिसतं एक, असतात अनेक



पावसाळ्यात समुद्रकिनारी गेलं की ओल्या वाळूत कधी कधी एक गोल चकती पडलेली दिसते. रुपयाच्या नाण्याएवढी, भोवती निळ्याशार धाग्यांची झालर. मुलं ती उचलायला धावतात. हिला 'ब्लू बटन' म्हणतात, म्हणजे निळं बटण. शास्त्रीय नाव पोर्पिटा पोर्पिटा. किनाऱ्यावरच्या गटांतल्या मैत्रिणी आम्हाला विचारतात, "ही जेलीफिशच ना? पोरांनी हात लावला तर काय होतं?" आज त्याबद्दलच बोलू या.

ही जेलीफिशच्या नात्यातली आहे, पण जेलीफिश नाही. जेलीफिश हा एकटा जीव. निळं बटण म्हणजे अनेक छोट्या जीवांची वसाहत. ते सगळे एकमेकांना कायमचे जोडलेले असतात आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं.

मधली चकती म्हणजे या वसाहतीची होडी. कोळंबीच्या सालीत जो कडक पदार्थ असतो, त्याच जातीच्या पदार्थाची ती बनलेली असते. तिच्यात एकात एक गोल कप्पे असतात आणि त्यांत हवा भरलेली असते. म्हणून ती बुडत नाही. चकतीची रुंदी साधारण तीन सेंटिमीटरपर्यंत.

चकती उलटी केली तर खाली मधोमध एक मोठं तोंड दिसतं. खाल्लेलं पचवायचं मुख्य काम त्या जीवाचं. त्याच्याभोवती पुढची पिढी तयार करणारे जीव असतात. आणि कडेची निळी झालर म्हणजे शिकारी आणि राखणदार. पाण्यातले बारीक किडे, खेकड्यांची नुकती जन्मलेली पिल्लं त्या झालरीत अडकतात. एकाने पकडलेलं अन्न पचून सगळ्यांपर्यंत पोचतं.

ऐकताना आपला बचत गट आठवतो ना? पण एक फरक आहे. आपण गटात येतो त्या आपापल्या घरून, आणि मीटिंग संपली की घरी जातो. इथे कोणालाच वेगळं होता येत नाही. शिकार करणारा एकटा पचवू शकत नाही, पचवणारा एकटा तरंगू शकत नाही. हे सगळे एकाच अंड्यातून, एकाला दुसरा अंकुर फुटत वाढलेले असतात. पुढे या वसाहतीतून अगदी छोट्या छत्रीसारखी पिल्लं सुटी होतात. ती अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात, आणि त्यातून नवी वसाहत सुरू होते.

निळ्या बटणाला हवं तिकडे पोहत जाता येत नाही. वारा आणि प्रवाह नेतील तिकडे ते जातं. पावसाळ्यात वारे समुद्राकडून आपल्या किनाऱ्याकडे वाहतात, म्हणून त्या दिवसांत ही बटणं वाळूवर येऊन पडतात.

आता हात लावण्याचं. झालरीत दंशपेशी असतात. प्रत्येक पेशीत एक विषारी धागा गुंडाळून ठेवलेला असतो. काही लागलं की तो स्प्रिंगसारखा बाहेर उसळतो. त्यासाठी मेंदूचा हुकूम लागत नाही. मेंदू या जीवाला नसतोच. म्हणूनच मेलेल्या जीवाच्या दंशपेशीही डंख मारू शकतात! निळ्या बटणाचा डंख सौम्य असतो. कोणाला काहीच होत नाही, कोणाला खाज येते, कातडी लाल होते.

खरी भीती आहे ती याच्या लांबच्या नातलगाची, 'ब्लू बॉटल'ची. तीही वसाहतच, आणि तीही पावसाळ्यातच येते. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या चौपाट्यांवर तिचे डंख अनेकांना बसले होते. दोघींमधला फरक लक्षात ठेवा. बटण चपटं आणि गोल असतं. बॉटल फुगलेल्या, निळसर पिशवीसारखी दिसते आणि तिच्याखाली लांबच लांब निळे धागे लोंबतात. समुद्रात ते कित्येक मीटर लांब असू शकतात. त्यामुळे पिशवी दूर दिसली तरी धागा पायाशी असू शकतो. जाळ्यात अडकलेल्या धाग्यांनीही डंख बसतो, तेव्हा रापणीला हात लावताना सांभाळा.

डंख बसलाच तर आधी पाण्याबाहेर या. चोळू नका, वाळू लावू नका. चोळलं की उरलेल्या दंशपेशी फुटतात. चिकटलेले धागे चिमट्याने किंवा काडीने उचलून काढा, उघड्या हाताने नको. मग समुद्राच्याच पाण्याने धुवा. धागे निघाल्यावर तो भाग सोसवेल, पण भाजणार नाही, इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवा. वेदना कमी होते. लिंबू, माती, दारू, लघवी असलं काही लावू नका. श्वास लागला, उलटी झाली, चक्कर आली, डंख डोळ्याला बसला किंवा लहान मुलाला मोठा डंख बसला, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.

तेव्हा मैत्रिणींनो, पोरांना किनाऱ्यावर जायला बंदी नको. निळं काही दिसलं तर वाकून बघा, हात लावू नका, एवढंच त्यांना शिकवू या. पुढच्या गटाच्या बैठकीत ही माहिती नक्की सांगा. पुन्हा भेटू. नमस्कार!