टॉवेल मऊ, पण पाणी टिपेना : फॅब्रिक सॉफ्टनरचे तोटे आणि पर्याय

धुऊन वाळवलेला टॉवेल हाताला मऊ लागतो, त्याला सुवासही येतो. मात्र अंग पुसायला घेतला की तो पाणी टिपण्याऐवजी अंगावरच पसरवतो. दोष कापडाला दिला जातो. प्रत्यक्षात तो बहुधा शेवटच्या पाण्यात ओतलेल्या फॅब्रिक सॉफ्टनरचा असतो.

सॉफ्टनर कपडे स्वच्छ करत नाही. त्यातील मुख्य रसायन धनभारित असते आणि ओल्या सुती धाग्यावर ऋणभार असतो. त्यामुळे हे रसायन धाग्याला चिकटून त्यावर स्निग्ध पदार्थाचा पातळ थर बसतो. धागे एकमेकांवरून सहज घसरू लागतात आणि कापड मऊ भासते. डिटर्जंटमधील प्रमुख घटक बहुतांशी ऋणभारित असल्याने दोन्ही एकत्र आल्यास परस्परांना निष्प्रभ करतात. सॉफ्टनर अखेरच्या खळबळण्याच्या वेळीच घालावा, ही सूचना त्यामुळेच असते.

हाच थर पुढे अडचणीचा ठरतो. टॉवेल, पंचे, बाळाचे लंगोट आणि मायक्रोफायबरची फडकी यांचे कामच पाणी शोषण्याचे, तेच मंदावते. व्यायामाच्या कपड्यांतून घाम बाहेर पडेनासा होतो, थरात तेलकटपणा अडकतो आणि दुर्गंधी येते. ती झाकण्यासाठी पुन्हा सॉफ्टनर वाढवला जातो. अग्निरोधक प्रक्रिया केलेल्या कपड्यांना तर सॉफ्टनर लावू नये, असे लेबलवरच नमूद असते, कारण त्या प्रक्रियेचा परिणाम त्याने उणावतो.

त्वचेचा प्रश्नही दुर्लक्षिण्यासारखा नाही. सुगंधासाठी वापरली जाणारी लिमोनीन, लिनालूल यांसारखी द्रव्ये हवेशी संयोग पावल्यावर काहींना ॲलर्जी निर्माण करतात. असा कपडा दिवसभर अंगाला लागून असतो. इसब किंवा दमा असणाऱ्यांनी आणि तान्ह्या मुलांच्या कपड्यांबाबत म्हणूनच सुगंधी सॉफ्टनर टाळलेला बरा. शाकाहारी कुटुंबांना आणखी एक बाब ठाऊक नसते : या रसायनांतील स्निग्धाम्ले वनस्पती तेलाप्रमाणेच प्राण्यांच्या चरबीपासूनही मिळवली जातात आणि बाटलीवर त्याचा उल्लेख असेलच असे नाही.

मुळात कपडे कडक का होतात? एक कारण जड पाणी. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यातील एकूण कठीणता लिटरमागे २०० मिलीग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत मुभा आहे. विंधन विहिरींचे पाणी पुष्कळदा याहून जड असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम आणि नीट न निघालेला साबण धाग्यांत साचतो. दुसरे कारण अधिक रंजक आहे. जपानमधील होक्काइडो विद्यापीठ आणि काओ कंपनीच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले, की वाळलेल्या सुती धाग्यांवरही पाण्याचा सूक्ष्म अंश उरतो आणि तो गोंदासारखे काम करून धागे एकमेकांना जखडतो. वाळलेला कपडा जोरात झटकण्याची वा हातांनी चोळण्याची जुनी सवय म्हणूनच उपयोगी पडते. वारा खेळेल अशा दोरीवर वाळत घातल्यास कडकपणा मुळातच कमी येतो.

पाश्चात्त्य देशांत सॉफ्टनरचा मोठा उपयोग विजेच्या ड्रायरमधून निघणाऱ्या कपड्यांतील स्थिरविद्युत घालवण्यासाठी होतो. दोरीवर कपडे वाळवणाऱ्या भारतीय घरांत ही गरज फारशी उरत नाही.

पर्याय स्वस्त आहेत. डिटर्जंट मोजून घालणे आणि एकदा जादा खळबळणे, एवढ्यानेच बराच फरक पडतो. पाणी जड असेल तर सुती कपड्यांसाठी डिटर्जंटसोबत थोडा धुण्याचा सोडा घालावा. शेवटच्या पाण्यात अर्धा कप पांढरे व्हिनेगर घातल्यास क्षारांचे अवशेष विरघळतात. वाळल्यावर त्याचा वास राहत नाही. मात्र ते क्लोरीनयुक्त ब्लीचसोबत कदापि मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. यंत्रातील रबरी भागांवर परिणाम होऊ शकत असल्याने ते रोज न वापरता अधूनमधून वापरावे. लोकर आणि रेशमासाठी सोडा नको; तिथे रिठ्याचे पाणीच उत्तम.

थर बसलेला टॉवेल फेकून देण्याची आवश्यकता नसते. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून, सॉफ्टनर न वापरता तो दोन-तीनदा धुतल्यास थर उतरू लागतो. मग त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा : तो मोत्यासारखा वर थांबला, तर आणखी एक धुणे बाकी आहे.