शौचपात्राची जागा

घर बांधतांना बैठकीचीं व स्वयंपाकघराचीं मापें आपण पुनःपुन्हां तपासतों. शौचगृह मात्र गवंड्यावर सोपवून मोकळे होतों. याचा परिणाम चिखली तालुक्यांतील एका स्नेह्याच्या घरीं दिसून आला. वृद्ध आईसाठीं बसविलेल्या कमोडवर तिचे गुडघे समोरच्या दाराला टेकत. एके दिवशीं ती उठतांना घसरली. दार आंत उघडणारें; तिच्या देहानेंच तें अडलें व शेवटीं तोडावें लागलें.

चूक साधीच होती. मैलानळीच्या तोंडाचें अंतर उघड्या विटांपासून मोजलें होतें. गिलावा व फरशी चढल्यावर भिंत पुढें आली, मागें टांकी मावेना, म्हणून पात्र पुढें ओढलें गेलें.

यास्तव सर्व मापें फरशीसह तयार होणाऱ्या भिंतीपासून धरावींत. जमिनींतील नळीच्या मध्याचें मागील भिंतीपासून अंतर पुष्कळदां १२ इंच असतें. परंतु तें पात्रागणिक बदलतें. म्हणून पात्र आधीं निवडावें, नळी मागाहून पुरावी. पात्राच्या मध्यरेषेपासून दोहों बाजूंस निदान १५ इंच, म्हणजे कोपर भिंतीस लागत नाहींत. व समोर निदान २१ इंच, म्हणजे उठतांना तोल सांवरतां येतो. दार बाहेर उघडावें.

काम सुरू होण्यापूर्वीं ही आकृति खडूनें जमिनीवर आंखा व घरांतील सर्वांत वृद्ध माणसास तेथें स्टुलावर बसवून पाहा. भूमितीच्या तासाची मध्यरेषा अशा रीतीनें आजीच्या उपयोगीं पडेल.