महापुरासाठी हाताने फिरवून चालणारा रेडिओ

कोल्हापूर जिल्ह्यात ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत अनेक गावांचा वीजपुरवठा खंडित झाला. अशा वेळी मोबाइलची बॅटरी उतरली की बाहेरची वार्ता कळणे दुरापास्त होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, तर धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी तेथवर चढल्याचे वा राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचे वृत्त वेळेवर मिळाल्यास माणसे व जनावरे सुरक्षित स्थळी हलविता येतात. म्हणून नदीकाठच्या घरी असा रेडिओ असणे हितावह आहे.

निवड करताना पुढील बाबी पाहाव्यात :

(१) काही परदेशी संचांवर ‘हवामान पट्टा’ असतो. तो अमेरिकेसारख्या देशांतील स्वतंत्र हवामान प्रक्षेपणासाठी आहे. आपल्याकडे तसे प्रक्षेपण नाही. त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. आपणांस आकाशवाणी ऐकावयाची असल्याने एफ.एम. व मध्यम लहरी या दोन्हींची सोय असावी.

(२) दांडा फिरविला की आतील लहान जनित्र बॅटरी भारित करते. म्हणून दांडा मजबूत असावा. बॅटरी पूर्ण उतरल्यावर एक मिनिट दांडा फिरवून संच किती वेळ वाजतो, हे घरी अजमावावे.

(३) बॅटरी बदलता यावी व साध्या सेलवरही संच चालावा.

संच घट्ट झाकणाच्या डब्यात, उंचावर ठेवावा. वापर नसताना साधे सेल काढून ठेवावेत. मात्र महिन्यातून एकदा दांडा फिरवून संच वाजवावा. ग्रामकार्यकर्त्यांनी मृग नक्षत्रापूर्वी गावोगावी याचे प्रात्यक्षिक दाखवावे.