बाटली हलवायची, पण का?

तापाच्या औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'वापरण्यापूर्वी चांगली हलवा.' रात्री दोन वाजता मूल तापाने फणफणलेलं असताना आपण नेमकं तेच विसरतो.

मुलांचं पॅरासिटामॉल बऱ्याचदा सस्पेन्शन असतं. म्हणजे औषध साखरेसारखं विरघळलेलं नसतं, त्याचे बारीक कण द्रवात तरंगत असतात. ताक ठेवून दिलं की वर निवळ पाणी येतं आणि खाली पांढरा थर बसतो, तसंच इथेही होऊ शकतं. बाटलीवर '५ मिलीत २५० मिग्रॅ' लिहिलेलं असलं, तरी न हलवता ओतलेल्या वरच्या डोसात औषध कमी आणि तळच्या डोसात जास्त जाऊ शकतं.

मग औषध किती काळ एकसारखं राहील हे आधी कळतं कसं? नुसत्या डोळ्यांना थर दिसायला कधी कधी आठवडे लागतात. बऱ्याच जुन्या तपासण्यांत द्रव आधी पातळ करावं लागतं. पण ताकात तांब्याभर पाणी ओतून 'ताक कितपत दाट आहे?' असं विचारण्यात काय अर्थ?

इथे प्रकाश कामी येतो. हिवाळ्यात पहाटे आमच्या स्मृति नगरातून रायपूरला निघालात आणि वाटेत धुकं लागलं, तर गाडीचा हाय बीम लावून काही उपयोग होत नाही. उजेड थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांवर परत येतो. दाट द्रवातही असंच होतं. फ्रान्समध्ये विकसित झालेलं टर्बिस्कॅन हे यंत्र काचेच्या नळीतल्या द्रवावर ८८० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश टाकतं. नळीच्या उंचीभर सरकत, दर ४० मायक्रॉनला, म्हणजे मिलीमीटरच्या पंचविसाव्या भागाला, ते नोंद घेतं: किती प्रकाश आरपार गेला, किती मागे फिरला. झाकणसुद्धा उघडावं लागत नाही.

काही तासांनी किंवा दिवसांनी पुन्हा मोजायचं. आलेख एकावर एक बसले तर द्रव स्थिर. फक्त वरच्या आणि खालच्या टोकाला फरक पडला तर कण खाली बसताहेत किंवा वर चढताहेत. संपूर्ण उंचीवर फरक पडला तर कण एकमेकांना चिकटून मोठे होत असावेत.

आता गंमत बघा. स्टोक्सने १८५१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार कण दुप्पट मोठा झाला की चौपट वेगाने खाली बसतो. मग कण बारीक करा, द्रव घट्ट करा, झालं काम! तसं नाही. सुटे बारीक कण सावकाश बसतात खरे, पण तळाशी दगडासारखा साका धरतात आणि मग कितीही हलवा, तो सुटत नाही. म्हणून काही औषधांत कणांचे सैलसर पुंजके मुद्दाम होऊ देतात. ते लवकर बसतात, पण थोडं हलवलं की पुन्हा मिसळतात. तेव्हा थर दिसला म्हणजे औषध बिघडलंच असं नाही. मात्र नीट हलवूनही तळाचा गोळा सुटला नाही, तर ते औषध मुलाला देऊ नका, दुकानदाराला दाखवा.

अँटिबायोटिकचं कोरं सिरप असेल तर आधी पूड हलवून मोकळी करा. मग उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घाला, आणि दर डोसाआधी पुन्हा हलवा. मोजायला सोबत आलेली टोपी किंवा सिरिंज घ्या. पोह्याचा चमचा प्रत्येक घरात वेगळ्या मापाचा असतो.