माळ्यावरची काठी बोलू लागते!

दोस्तांनो, नाशिक शहर सोडून गोदावरी पूर्वेकडे निघाली, की निफाड तालुक्यात तिच्या एका काठाला चांदोरी आणि दुसऱ्या काठाला सायखेडा लागतं. इथली माणसं तिला प्रेमानं ‘गंगा’ म्हणतात. अशा गावात लहानपणी कधीच गळ टाकला नाही, असे आजोबा शोधूनच काढावे लागतील!

समजा, सुट्टीत तुम्ही अशाच एखाद्या गावी गेलात. माळ्यावर कापडी पिशवीत गुंडाळलेली एक लांब काठी सापडली. तिला गंजलेल्या कड्या, काळवंडलेलं पितळ, लोंबणारे दोरे. आई म्हणणार, ‘अरे, टाकून दे ते मोडकं लाकूड!’

थांबा! टाकू नका. आणि लगेच घासायलाही बसू नका. आधी तिची ओळख करून घ्या.

आधी डोळे, मग हात

काठी उजेडात आणा आणि तिच्या टोकाकडे नीट पाहा. ती गोल आहे आणि तिच्यावर बांबूची पेरं आहेत? मग ती अखंड बांबूची, आपल्याकडची साधी गळाची काठी. गोल आहे, पण पेरं नाहीत, लाकडाच्या रेषा दिसतात? मग ती लाकडी. जुन्या काळी दक्षिण अमेरिकेतल्या गयानातून येणाऱ्या ग्रीनहार्ट नावाच्या कठीण लाकडाच्या अशा काठ्या होत असत. आतून पोकळ आणि काचतंतूंची असेल, तर ती दुसऱ्या महायुद्धानंतरची. काळी आणि पिसासारखी हलकी असेल, तर कार्बनची, म्हणजे १९७० नंतरची.

पण बोट फिरवल्यावर सहा कडा लागल्या तर? पेन्सिलीसारखी षट्‌कोनी? मग दोस्तांनो, तुमच्या हातात खजिना आहे!

सहा कामट्यांची गंमत

बांबूची खरी ताकद असते त्याच्या पाठीत, म्हणजे बाहेरच्या सालीलगतच्या तंतूंमध्ये. आतला भाग मऊ. टोपल्या विणणाऱ्या कुठल्याही बुरुडाला विचारा, तो हेच सांगेल. मग बांबू चिरायचा, मऊ भाग तासून टाकायचा आणि पाठीकडच्या सहा तिकोनी कामट्या एकमेकींना चिकटवायच्या. तयार झालेली काठी बारीक, पण चिवट. मासा ओढू लागला की वाकते, आणि सोडला की पुन्हा सरळ!

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या सॅम्युअल फिलिप या बंदुका बनवणाऱ्या कारागिरानं १८४० नंतरच्या दशकात अशा चिरलेल्या बांबूच्या काठ्या केल्या. आणि त्या काळी बांबू कुठला वापरत, ठाऊक आहे? ‘कलकत्ता केन’! म्हणजे आपल्याच देशातला. त्यावर भाजल्याचे काळपट डाग असत. आजही जुनी काठी ओळखायला ते डाग उपयोगी पडतात. पुढे विसाव्या शतकात चीनच्या ‘टोंकिन’ बांबूनं त्याची जागा घेतली. १९५० मध्ये अमेरिकेनं चीनशी व्यापार थांबवला, तो बांबू मिळेनासा झाला आणि काचतंतूंच्या काठ्यांनी बाजार भरून गेला.

इंग्रजांना आपल्या नद्यांतल्या महाशीर माशाचं भारी वेड. मद्रास इलाख्यातल्या एच. एस. थॉमस या अधिकाऱ्यानं १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तकच लिहिलं. म्हणजे बघा, आपला बांबू बोटीनं परदेशी जायचा आणि साहेबाच्या हातात काठी होऊन परत यायचा!

माझी फजिती

काठी कुणी बनवली, हे कसं कळणार? मुठीच्या वर पाहा. इंग्लंडमध्ये १८७२ साली सुरू झालेल्या हार्डी कंपनीसारखे कारागीर तिथं शाईनं नाव लिहीत आणि वरून व्हार्निश देत. पितळी जोडावर किंवा रिळाच्या पट्टीवरही अक्षरं असू शकतात.

लहानपणी मला अशीच एक काठी मिळाली होती. ती चकाचक करायची म्हणून मी पॉलिश पेपर घेतला आणि तासभर घासली. काठी चमकली खरी! पण मुठीजवळची फिकट अक्षरं भुशाबरोबर उडून गेली. ती काठी कुणाची होती, हे मला आजतागायत कळलेलं नाही. म्हणून सांगतो, आधी वाचा, वहीत उतरवून घ्या, आणि मगच हात लावा.

आता दुरुस्ती

१. मऊ कापड जरासं ओलसर करून धूळ पुसा. काठी पाण्यात बुडवू नका आणि उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नका. जुन्या काठ्या सरसानं चिकटवलेल्या असत. सुतारकाकांचा सरस पाहिलाय ना? ओल आणि उष्णता लागली की तो सुटतो.

२. पितळी जोड अडकला असेल, तर पिरगळू नका. पकड तर मुळीच नको! दोघांनी दोन बाजूंना धरून सरळ रेषेत ओढा.

३. कडी सुटली असेल, तर ती रेशमी दोऱ्यानं पुन्हा बांधा. दोऱ्याचं टोक खाली दाबून वेढ्याला वेढा चिकटवत जा. शेवटच्या सात-आठ वेढ्यांखाली दुसऱ्या दोऱ्याचा फास ठेवा. उरलेलं टोक त्या फासात ओवा आणि फास ओढा. टोक वेढ्यांखाली गडप! आधी पेन्सिलीवर सराव करा.

४. मोठ्यांच्या मदतीनं दोऱ्यावर व्हार्निशचे दोन-तीन पातळ हात द्या. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नको.

५. काठी भिंतीला टेकवून ठेवू नका, ती कायमची वाकते. खुंटीला सरळ टांगा.

आणि हो, खुंटी उंच हवी! सायखेडा-चांदोरीच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. २०१६ आणि २०१९ च्या पावसाळ्यात गोदावरी थेट वस्तीत शिरली होती. सरसानं जोडलेली काठी अशा पाण्यात राहिली, तर तिच्या पुन्हा सहा कामट्या होतील.

गळ टाकायचाच असेल, तर मोठ्यांबरोबरच नदीवर जा. धरणाचं पाणी सोडलं की पात्र बघता बघता भरतं. तुटलेली तंगूस काठावर टाकू नका, तिच्यात पक्ष्यांचे पाय अडकतात. पुढे नांदूर मध्यमेश्वरला तर पक्षी अभयारण्यच आहे. २०२० साली त्याला महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ होण्याचा मान मिळाला. तिथं काठी नाही, दुर्बीण न्यायची!

काठी दुरुस्त झाली की ती आजोबांच्या हातात द्या आणि गप्प बसून ऐका. कुठला डोह, किती मोठा मासा, कसा निसटला... जे काठीवर कुणी लिहून ठेवलेलं नाही, ते ते सांगतील. तेही वहीत उतरवून घ्या बरं का!

मग, कधी चढताय माळ्यावर?