जमिनीत लोह, पानांवर केवडा

खोडव्याला फूट चांगली आलेली असते, पाण्याची पाळी चुकलेली नसते, युरियाही पडलेला असतो. तरी शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी आणि पुढे पांढरट पडतात. चुनखडीच्या रानात ऊस करणारा शेतकरी ते पाहताच म्हणतो, ‘केवडा पडला.’ आणि बहुतेक वेळा युरियाचे आणखी एक पोते उचलतो.

पिकाला तेव्हा नत्र नको असते, लोह हवे असते. लोहाशिवाय पानात हरितद्रव्य तयार होत नाही. शिवाय जुन्या पानांतले लोह नव्या पानांकडे फारसे सरकत नाही. म्हणून शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, असे चित्र आधी शेंड्याला दिसते. नत्राची कमतरता मात्र खालच्या, जुन्या पानांपासून सुरू होते. सोयाबीनवर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे असतील, तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला मोझॅक रोग असू शकतो. त्याला लोह देऊन उपयोग नाही.

नवल असे, की जमिनीत लोहाला तोटा नसतो. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ५ टक्के लोह आहे आणि बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीत तर ते भरपूर असते. अडचण ते विरघळण्याची आहे. मातीचा सामू एका अंकाने वाढला, की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. सामू ८च्या पुढे आणि मातीत मुक्त चुना, अशा रानात मुळांच्या हाती फारच थोडे लोह लागते. झडीचा पाऊस लागून पाणी साचले, की मातीत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड आणि चुना यांपासून बायकार्बोनेट तयार होते आणि लोहाचे शोषण आणखी अडते. म्हणूनच जुलैत पिवळे पडलेले सोयाबीन चर काढून वाफसा आणला, की पुष्कळदा आपोआप हिरवे होते.

उपाय जुना आहे. १८४०च्या दशकात फ्रान्समध्ये युझेब ग्रिस यांनी पिवळ्या पानांवर लोहक्षाराचे द्रावण लावले आणि ती हिरवी झाली. ही परीक्षा आजही बांधावर करता येते. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, विरघळवून एक-दोन पानांना ब्रशने लावावे. काही दिवसांत तेवढाच भाग हिरवा झाला, तर कमतरता लोहाचीच.

पण हेच हिराकस चुनखडीच्या मातीत नुसते टाकले, तर त्यातले लोह लवकरच गंजासारख्या अविद्राव्य रूपात जाते. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यात ते ढवळून ठेवले, तर बादलीच्या तळाशी बसणारा तांबूस गाळ हेच दाखवतो. चिलेटेड खतात लोहाचा कण एका सेंद्रिय रेणूने चहूबाजूंनी धरून ठेवलेला असतो, त्यामुळे तो विरघळलेला राहून मुळापर्यंत पोचतो. तिथे मूळ लोह घेते आणि रेणू बहुतांशी बाहेरच राहतो. १९५०च्या दशकाच्या आरंभी फ्लोरिडातील संत्रावर्गीय बागांत ईडीटीए चिलेटने पिवळी झाडे सावरली आणि या खतांचा मार्ग खुला झाला.

तिथली माती मात्र आम्लधर्मी, वालुकामय होती. खरी मेख इथेच आहे. ईडीटीए चिलेट साधारण ६.५ सामूपर्यंत टिकते. चुनखडीत कॅल्शियम लोहाची जागा बळकावतो. डीटीपीए हे दुसरे चिलेट ७.५च्या आसपास तग धरते. तिसरे, ईडीडीएचए, ९च्या सामूलाही लोह सोडत नाही. पाण्यात ते गडद लाल दिसते. तेव्हा आपल्या चुनखडीच्या रानात ईडीटीए फवारणीसाठी ठेवावे आणि जमिनीतून किंवा ठिबकमधून द्यायचे तर ईडीडीएचए घ्यावे. पाकिटावर नुसते ‘चिलेटेड’ लिहिलेले पुरेसे नाही. कोणते चिलेट, हे विचारलेच पाहिजे.

ईडीडीएचए महाग आहे. द्राक्ष, मोसंबी, डाळिंबाच्या बागेला तो खर्च पेलतो. सोयाबीन, भुईमुगाला सहसा नाही. तिथे ताज्या हिराकसाची किंवा ईडीटीएची फवारणी सकाळी अथवा संध्याकाळी करावी आणि नवी पाने पुन्हा पिवळी आली, तर फवारणी परत घ्यावी. उसासाठी हेक्टरी २५ किलो हिराकस दहापट शेणखतात आठ-दहा दिवस मुरवून द्यायची शिफारस आहे. या सगळ्याआधी माती परीक्षण हवेच. अहवालात लोह ४.५ पीपीएमच्या खाली असेल, तर कमतरता धरावी; पण त्याच कागदावरचे सामू आणि मुक्त चुना हे दोन आकडेही वाचावेत, कारण कोणते चिलेट घ्यायचे ते त्यांवरच ठरते.